पंचेचाळिसावी सही

१

मंगळवार, सहा जानेवारी, संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइम गावातल्या लिंडनहोफ गास्टहाउसच्या मागच्या हॉलमध्ये श्यामकांत निमकरांनी निळा फोल्डर उघडला. सभेचं इतिवृत्त होतं. उमेदवाराचं संमतिपत्र होतं. हजेरीपत्रक नव्हतं.

त्यांनी फोल्डर मिटला आणि पुन्हा उघडला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. मग खुर्चीखाली, टेबलाखाली, पडद्यामागे. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात, त्यातली तीस गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात घालवलेली, निमकरांच्या हातून कागद कधी हरवला नव्हता.

हॉलमध्ये साठ माणसं जेवत होती. एका बाजूला डुकराचं रोस्ट आणि क्नोडेल हे बटाट्याचे उकडलेले गोळे, दुसऱ्या बाजूला मालिनीताई गोखल्यांचा मसालेभात. पक्षाच्या स्थानिक शाखेने प्रचाराच्या देणग्यांसाठी हे जेवण ठेवलं होतं. मार्चमध्ये गावाच्या नगराध्यक्षपदाची निवडणूक होती. उमेदवार कोण, हे शाखेने बारा डिसेंबरच्या सभेत ठरवलं होतं. पंचेचाळीस सभासद, गुप्त मतदान, दोन इच्छुक. श्टेफान क्योसलर बावीस, अहिल्या दाभाडे तेवीस.

एका मताने. अहिल्या पुण्याहून सतरा वर्षांपूर्वी आलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी. या शाखेने आजवर जन्माने इथला नसलेला माणूस साध्या समितीवरही पाठवला नव्हता.

त्या सभेचे कागद गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत राटहाउसमधल्या, म्हणजे नगरपालिकेतल्या, निवडणूक कार्यालयात द्यायचे होते. हजेरीपत्रक मूळ सह्यांचंच लागायचं, झेरॉक्स चालत नव्हती. ते नसेल तर सभा झालीच नाही असं धरलं जाईल. मग अहिल्या उमेदवार नाही, आणि पक्षाला दुसरा उमेदवारही नाही.

निमकर शाखेचे चिटणीस होते. कागद त्यांच्या ताब्यात होते.

सात वाजून पाच मिनिटांनी त्यांनी फोल्डर स्टेजशेजारच्या खुर्चीवर ठेवला होता. मालिनीताईंच्या गाडीतलं भाताचं पातेलं एकटीने उचलण्यासारखं नव्हतं, म्हणून ते बाहेर गेले. परत यायला पंधरा मिनिटं लागली. त्या वेळात सगळे सूप पीत होते. खुर्चीला लागून तीन नंबरचं टेबल होतं.

शाखेच्या अध्यक्ष हेल्गा ब्रांडल यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तीन नंबरच्या टेबलापाशी येऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक कागद सापडत नाहीये. चुकून कोणाच्या सामानात गेला असेल तर बघता का? मी कोणाची बॅग उघडणार नाही. माणसं जेवायला आली आहेत."

क्योसलरने आपली बॅग सरळ टेबलावर उपडी केली. चाव्या, पाकीट, ड्रायव्हिंग स्कूलची पत्रकं. मालिनीताईंनी पर्स उघडून दाखवली. समोर बसलेल्या ग्रेटा हुबर या एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईंकडे बॅगच नव्हती. चौथा होता रुपेश, अहिल्याचा नवरा. त्याच्या पायाशी काळी सॅक होती.

"माझ्यात फक्त जिमचे बूट आहेत," तो म्हणाला. "उघडली तर देणगीदार पळून जातील."

टेबल हसलं. सॅक कोणी उघडली नाही.

निमकर मात्र हसले नाहीत. त्यांना तासाभरापूर्वीचं आठवत होतं. स्वागताच्या भाषणात ब्रांडलबाई म्हणाल्या होत्या, "यंदा कार्यालय हजेरीपत्रकावरचं प्रत्येक नाव गावच्या रहिवासी नोंदणीशी ताडून बघणार आहे. आपल्याला काळजी नाही. निमकरांनी दारात प्रत्येकाचं आउसवाइस, ओळखपत्र, बघूनच सही घेतली होती." साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बायको गेल्यानंतरच्या चार वर्षांत निमकरांसाठी कोणी टाळ्या वाजवल्या असतील तर त्या याच.

त्या टाळ्यांत सामील झालेल्या कोणीतरी तासाभरात तो कागद उचलला होता.

२

बुधवारी सकाळी नऊ वाजता निमकर क्योसलरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोचले. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचे तक्ते. क्योसलर कॉफी ओतत होता.

"पहिले माझ्याकडे आलात," तो म्हणाला. "बरोबर आहे. मीही हेच केलं असतं."

"तुम्ही खुर्चीच्या सगळ्यात जवळ होता."

"नाही. जवळ तिचा नवरा होता. मी त्याच्या पलीकडे." त्याने कप पुढे केला. "पण विचार करा, निमकर. कागद गेला तर ती पडते. मी उभा राहतो का? नाही. माझ्यासाठी नवी सभा घ्यायला दिवस कुठे आहेत? पक्षाची जागाच रिकामी राहील. वीस वर्षं ज्या पक्षाची पत्रकं मी बर्फात वाटली, त्याची."

"राग माणसाकडून काहीही करवतो."

"एका मताने हरलेला माणूस चोरी करत नाही. तो पुन्हा मोजायला सांगतो. मी सांगितलं होतं. तुम्हीच मोजलंत, दोनदा." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "खरं सांगू? मी रोज ते पंचेचाळीस चेहरे डोळ्यांसमोर आणतो. कोणी दिलं असेल ते एक मत? हजेरीपत्रक मला हवं होतं ते वाचायला. लपवायला नव्हे."

निमकरांनी खिशातल्या वहीत त्याच्या नावापुढे रेघ मारली. क्योसलरला कागद असण्यात फायदा होता, नसण्यात नव्हता.

रस्त्यावर येताच फोन वाजला. ब्रांडलबाई.

"मी विचार केला," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीस नावं मला पाठ आहेत. आज-उद्यात घरोघर जाते, नव्या कागदावर सह्या घेते. तारीख बारा डिसेंबरची घालू. कोणाचं काही बिघडत नाही."

"ते हजेरीपत्रक नाही होणार, फ्राऊ ब्रांडल. ती बनावट होईल."

"सभा झाली होती ना? माणसं आली होती ना?"

"कागद त्या दिवशीचा नाही. मी त्याखाली सही करणार नाही."



"आल्झो, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग उद्या दुपारपर्यंत खरा कागद आणा. नाहीतर मी सह्या घेते. तुमच्याशिवाय. आणि मग पुढचं सगळंच तुमच्याशिवाय."

३

मालिनीताईंच्या स्वयंपाकघरात कालची पातेली पालथी पडली होती. त्या इथे तीस वर्षं राहत होत्या, नवरा निवृत्त, मुलगा हॅम्बुर्गला. निमकरांना बघताच त्यांनी डबा काढला.

"या. माझी झडती घ्यायला आलात ना? आधी भात घ्या. चोराच्या हातचा आहे, पण चांगला झालाय."

"मालिनीताई, मी सगळ्यांनाच विचारतोय."

"विचारा की. हेतू पण सांगते. तुमची उमेदवार मला फोन करून म्हणाली, मावशी, तिखट कमी घाला, जर्मन लोक आहेत. तीस वर्षं मी जर्मनांना जेवू घालतेय! एवढ्यासाठी तिची निवडणूक पाडली असती मी, पण सुचलं नाही वेळेवर."

निमकर हसले. हसल्यावर त्यांना जाणवलं की दोन दिवसांत त्यांनी मराठीत पहिल्यांदाच कोणाशी एवढं बोलणं केलं होतं.

"सुपाच्या वेळी टेबलावरून कोण उठलं?"

"मी तर तुमच्याबरोबर पातेलं धरून होते. ते विसरलात? काय चिटणीस तुम्ही!" त्यांनी झाकण लावलं. "बाकी रुपेशला विचारा. तो बसून होता. पण त्या मुलाचं काहीतरी बिनसलंय, भाऊजी."

"का?"

"काल येताना मी त्याला स्टेशनवरून गाडीत घेतलं. म्हणाला, म्युनिकला मित्राकडे गेलो होतो. पण उतरला फ्राइजिंगकडून आलेल्या गाडीतून. म्युनिक एकीकडे, फ्राइजिंग दुसरीकडे. मी म्हटलं जाऊ दे, असेल काही. मग निघताना भात मागितला. म्हटलं, तिघांचा देते. तर म्हणाला, नको मावशी, एकट्यापुरता द्या." त्यांनी वर पाहिलं. "घरात बायको, मुलगी. एकट्यापुरता?"

निमकरांनी ते वहीत लिहिलं. अर्थ लागला नाही.

ग्रेटा हुबर शेजारच्याच गल्लीत राहत होत्या. त्यांच्याकडे केक होता, मांजर होतं, आणि सांगायला भरपूर होतं. त्या रुपेशच्या बरोबर समोर बसल्या होत्या. उठलं कोण, आलं कोण, यातलं त्यांना काही आठवत नव्हतं. सूप मात्र खारट होतं.

"पण तो तरुण," त्या म्हणाल्या, "दाभाडेबाईंचा नवरा. किती हळवा! रडत होता बिचारा."

"रडत होता?"

"बायकोचं नाव स्टेजवरून घेतलं असेल, मला नीट ऐकू येत नाही. मी त्याच्याकडे पाव मागितला. त्याने पाय लांब केले, वाकून टोपली घेतली, आणि एकदम दचकला. मग खाली वाकला, पायाशी त्याची बॅग होती तिला हात लावला, आणि तोच हात डोळ्यांना लावला. असा." त्यांनी बोटं पापण्यांना टेकवली. "डोळे पुसले. दोनदा. माझ्या नवऱ्याला माझ्यासाठी कधी रडू आलं नाही."

निमकरांचा केकचा काटा हातात तसाच राहिला.

"डोळे ओले होते?"

ग्रेटाबाई विचारात पडल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही विचारलंत म्हणून. नाही. कोरडे होते."

हे निमकरांना ठाऊक होतं. लहानपणी पुस्तकाला पाय लागला की आई पाठीत धपाटा घालायची. मग वाकायचं, कागदाला हात लावायचा, डोळ्यांना लावायचा. चाळीस वर्षं जर्मनीत काढूनही, खाली पडलेल्या वर्तमानपत्राला पाय लागला तर त्यांचा हात आपोआप खाली जायचा. देवावर विश्वास असो-नसो, हात जायचा.

रुपेशचा पाय सॅकला लागला होता. आणि त्याने सॅकला नमस्कार केला होता.

सॅकमध्ये फक्त जिमचे बूट आहेत, असं तो म्हणाला होता. बुटांना पाय लागला म्हणून कोणी नमस्कार करत नाही.

४

कागद कोणी घेतला ते कळलं होतं. का, ते कळत नव्हतं. ज्याची बायको जिंकली, त्याने तिच्या विजयाचा पुरावा का पळवावा?

संध्याकाळी साडेपाचला दार उघडलं अन्वीने. दाभाड्यांची अकरा वर्षांची मुलगी. "मामा कॉलवर आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली. मामा म्हणजे आई.

निमकर बूट काढायला वाकले. दाराशी बुटांचं कपाट होतं. वरच्या फळीवर अहिल्याचे बूट, मधल्या फळीवर अन्वीचे. खालची फळी रिकामी. तिच्यावर एक सुकलेलं पान पडलं होतं, बरेच दिवस पडलेलं असावं.

"बाबा जिमला गेलाय का गं?" त्यांनी मराठीत विचारलं.

"पापा जिमला जात नाहीत." उत्तर जर्मनमध्ये. "आणि पापाचे बूट पापाकडे असतात."

"पापाकडे म्हणजे?"

अन्वीने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग, आधीच ठरवलेलं वाक्य मोडावं तशी, ती पहिल्यांदा मराठीत बोलली. "रेगेन्सबर्गला. फ्राइजिंगच्याही पुढे. शनिवारी येतात. अकरा वाजून बाराच्या गाडीने. मी घ्यायला जाते स्टेशनवर. एकटीच."

आतून अहिल्या आली. तिने मुलीकडे पाहिलं, निमकरांकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

"अन्वी, वर जा." मग खुर्चीत बसत, "बसा, श्यामकाका. चहा टाकू?"

"नको."

"ऑक्टोबरपासून," ती म्हणाली. "भांडण नाही, काही नाही. त्याची नोकरी तिकडे, माझी इकडे. आधी रोज यायचा-जायचा. मग आठवड्यातून चारदा. मग एक खोली घेतली. मग लक्षात आलं की दोघांनाही बरं वाटतंय." तिने टेबलावरचा चुरा बोटाने गोळा केला. "पुण्याला सांगितलं नाही. इथे दिवाळीला सगळे भेटले, तिथेही नाही. आणि नंतर मी उभी राहिले. उमेदवाराच्या पत्रकावर कुटुंबाचा फोटो लागतो, काका. सभेला मीच म्हटलं, तू ये. नाही आलास तर सगळे विचारतील."

"त्याने तिकडे आनमेल्डुंग केलंय? पत्त्याची नोंद?"

"नाही. खोली तात्पुरती आहे म्हणाला होता." मग तिचं बोट थांबलं. "का?"

गावात नोंद असलेल्यालाच सभेत मत असतं, हे उमेदवाराला सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला, डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि डिसेंबरची वही काढली. बारा तारखेला दारात उभं राहून त्यांनी प्रत्येक ओळखपत्र बघितल्यावर एक टिक केली होती. पाच-पाचच्या जुड्या. कारखान्यातली सवय.

त्यांनी टिका मोजल्या. परत मोजल्या.

सह्या पंचेचाळीस होत्या. मतं पंचेचाळीस होती. टिका चव्वेचाळीस.

५

गुरुवारी पावणेबारा वाजता ते रेगेन्सबर्ग स्टेशनवर उतरले. रुपेशने फोनवर एवढंच विचारलं होतं, "कितीच्या गाडीने येताय, काका?"

खोली स्टेशनपासून दहा मिनिटांवर. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. रुपेशने खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसला. ओट्यावर मालिनीताईंचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. खिडकीत अन्वीने काढलेलं एक चित्र.

न विचारताच त्याने उशीखालून प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत दोन पानं, पिन मारलेली. एक घडीही पडलेली नव्हती.

"फाडणार होतो," तो म्हणाला. "दोनदा हातात घेतलं. पहिल्याच ओळीत अहिल्याचं नाव आहे. नाही फाडवलं."

"आउसवाइस दाखव."

त्याने पाकिटातून कार्ड काढलं. मागच्या बाजूला पत्त्याचा स्टिकर. रेगेन्सबर्ग. तारीख चार नोव्हेंबर.

"घरमालकाला कागद हवा होता. मी अहिल्याला सांगितलं नाही. ते सांगितलं की खरंच वेगळे झालो असं वाटलं असतं."

"आणि सभेला?"

रुपेशने त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, ते निमकरांना जास्त लागलं.

"मी कार्ड काढायला खिशात हात घातला होता, काका. मनात म्हटलं, बघतील, बाजूला घेतील, मी गुपचूप मागे जाऊन बसेन. पण तुम्ही माझा दंड धरलात. 'तू काय, घरचाच. कर सही.' आणि पेन पुढे केलंत. मागे सहाजण रांगेत. मालिनीमावशी होत्या. त्या सगळ्यांसमोर काय सांगू? मी इथे राहत नाही?"

निमकरांना तो दंड आठवला. ओला कोट होता. चव्वेचाळीस जणांना त्यांनी परक्यासारखं तपासलं होतं. एका माणसाला नाही, कारण तो दिसला तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं.

"मग मंगळवारी ब्रांडलबाई म्हणाल्या, प्रत्येक नाव ताडणार आहेत," रुपेश सांगत होता. "माझ्या डोक्यात एकच. कागद हरवला तर नवा करतील, सगळ्यांच्या पुन्हा सह्या घेतील. त्या वेळी मी नसेन. मला कुठे माहीत, तसं चालत नाही ते. तुम्ही फोल्डर ठेवून गेलात. सगळे सूप पीत होते. एक मिनिटही लागलं नाही."

"तुझं मत धरायचं नाही म्हटलं तर तेवीस-बावीसचे बावीस-बावीस होतात, रुपेश. बरोबरी. तिची निवड जाते."

"मी तिला मत दिलं असेल तर."

निमकरांनी कार्डावरून नजर उचलली.

"आणि विरोधात दिलं असेल," रुपेश म्हणाला, "तर क्योसलरचं एक कमी होतं. तेवीस-एकवीस. ती जिंकलेलीच राहते."

निमकरांना पुढचं विचारायला वेळच मिळाला नाही.

"मी तिच्या विरोधात मत दिलं," तो म्हणाला. "तसं लिहा, काका."

"खरं सांगतोयस?"

"गुप्त मतदान होतं. कोण खोटं ठरवणार?" तो उठला, त्याने कोट घेतला. "तुमची गाडी सुटेल. लिहा. मी खाली सही करतो."

६

परतीची गाडी लांडशुटच्या पुढे पन्नास मिनिटं थांबून राहिली. निमकर राटहाउसमध्ये पोचले तेव्हा पाच वाजून एकतीस मिनिटं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये ब्रांडलबाई आणि अहिल्या बाकावर बसल्या होत्या. ब्रांडलबाईंच्या मांडीवर एक नवा कागद होता, एकोणतीस सह्यांचा.

निमकरांनी निळा फोल्डर उघडून मूळ हजेरीपत्रक दाखवलं. त्यासोबत एक पान होतं, रुपेशच्या खोलीत हाताने लिहिलेलं. त्यात लिहिलं होतं की क्रमांक एकतीसची सही करणाऱ्याचा त्या दिवशी गावात नोंदणीकृत पत्ता नव्हता, आणि त्याचं ओळखपत्र न बघता सही घेण्याची चूक चिटणिसाची. शेवटी रुपेशचं एका ओळीचं निवेदन आणि सही.

ब्रांडलबाईंनी ते दोनदा वाचलं. "हे पान लावू नका," त्या म्हणाल्या. "नुसतं हजेरीपत्रक द्या. कदाचित त्यांच्या लक्षात येणारही नाही."

"येईल. नाव ताडणार आहेत ते."

"आणि नाही आलं तर? एका माणसाच्या संसारासाठी आपण सगळं घालवायचं?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "शिवाय हे कसलं निवेदन आहे? त्याने मत कुणाला दिलं हे कोणालाच तपासता येत नाही!"

"नाही येत," निमकर म्हणाले. "पण उमेदवार ती आहे. तिने ठरवावं."

अहिल्याने पान हातात घेतलं होतं. रुपेशची ओळ तिने वाचली. मग तिने विचारलं, "हे सांगण्याआधी तो थांबला होता का, काका?"

"नाही. लगेच म्हणाला."

तिने मान हलवली. याचा अर्थ काय, हे निमकरांनी विचारलं नाही. पंधरा वर्षांच्या संसारातला तो अर्थ होता, तो तिच्याकडेच राहिला.

"लावा," ती म्हणाली.

ब्रांडलबाईंनी एकोणतीस सह्यांचा कागद मधोमध फाडून पर्समध्ये टाकला. मग हात पुढे केला. निमकरांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून शाखेच्या कपाटाची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. सात वर्षं दर बुधवारी संध्याकाळी त्यांनी ते कपाट उघडलं होतं, कागद लावले होते, आणि ब्रांडलबाईंनी केलेली पातळ कॉफी प्यायले होते.

पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी कार्यालयातल्या बाईंनी फोल्डरवर शिक्का मारला. जोडलेलं पान वाचून त्या म्हणाल्या की असं काही त्यांच्याकडे याआधी आलेलं नाही. निर्णय निवडणूक समिती करेल. बैठक मंगळवारी, वीस तारखेला.

शुक्रवारी रुपेशचा फोन दिवसभर बंद होता. निमकरांनी मालिनीताईंचा डबा धुतला, पुसला आणि दाराशी ठेवला, परत द्यायला.

शनिवारी सकाळी डबा घेऊन ते निघाले आणि वाट सोडून स्टेशनवर गेले. अकरा वाजून नऊ मिनिटं. प्लॅटफॉर्मवर अन्वी उभी होती. आज ती एकटी नव्हती. शेजारी, कोटाच्या खिशात हात घालून, अहिल्या.

फलकावर फ्राइजिंगकडून येणारी गाडी चार मिनिटं उशिरा दाखवत होती.